रिंग गेली की आणखी काही? टू-स्ट्रोक डर्ट बाइकचा पिस्टन उघडण्याआधी आणि उघडल्यावर काय बघायचं

किक हलकी लागते, गाडी वर ओढत नाही, धूर मारते. एवढं ऐकलं की निदान ठरलेलं असतं: रिंग गेली. ब्लॉक (सिलिंडर) उतरतो, नवं पिस्टन किट बसतं, थोडे दिवस गाडी झकास पळते आणि मग एखाद्या चढावर मागचं चाक अचानक जाम होतं. पुन्हा ब्लॉक, पुन्हा किट. दोष किटवर जातो किंवा टूटी ऑइलवर (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल).

पिस्टन आणि रिंग खराब होतात हे खरं. पण बहुतेक वेळा दुखण्याचं मूळ दुसरीकडे असतं आणि पिस्टनवर ते फक्त दिसतं. क्रँकचं सील हवा खेचतं, फिल्टरच्या कडेतून धूळ जाते, जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं छिद्र) लहान पडतो, आणि मार पिस्टन खातो. यातल्या काही गोष्टी इंजिन उघडण्याआधीच तपासता येतात. एकदा हेड काढलं की तो पुरावा हातचा गेला. म्हणून या कामात क्रम महत्त्वाचा आहे, आणि सगळ्यात जास्त चुका क्रमातच होतात.

खाली सांगितलेलं आपल्याकडच्या डर्टसाठी फिरवलेल्या यामाहा आरएक्स 100 आणि आरएक्स 135 ला लागू आहे, आणि बाहेरून आलेल्या 125 व 250 सीसीच्या मोटोक्रॉस गाड्यांनाही. फरक असेल तिथे तसं सांगितलं आहे. नेमक्या मापांसाठी तुमच्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल हाच शेवटचा शब्द माना.

## 1. तयारी: आधी गाडी धुवा, मग हत्यारं काढा

गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीच्या बाजूची तांबडी माती हेडच्या पंखांत, ब्लॉकच्या बुडाशी आणि कार्बोरेटरच्या मागे घट्ट बसते. ब्लॉक उचलताना ती सरळ क्रँककेसमध्ये पडते. तिथून ती बिग एंड बेअरिंगमध्ये (रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या बेअरिंगमध्ये) जाते, आणि मग टॉप एंडचं, म्हणजे हेड-ब्लॉक-पिस्टनचं काम पूर्ण इंजिनाचं होतं. डिझेल किंवा केरोसीन आणि ब्रश घेऊन ब्लॉकभोवतीची माती काढा, हवेने उडवा, वाळू द्या. गाडी धुताना एअरबॉक्सचं तोंड आणि सायलेन्सरचं टोक बंद ठेवा.

हाताशी हे असू द्या:

- कॉम्प्रेशन गेज. प्लगच्या आट्यात बसणारा आणि व्हॉल्व टोकाशीच असलेला घ्या. लांब पाइपाच्या दुसऱ्या टोकाला व्हॉल्व असलेला गेज छोट्या इंजिनावर कमी आकडा दाखवतो, कारण पाइपातली जागाही भरावी लागते.
- फिलर गेज, मायक्रोमीटर, बोअर गेज. शेवटचे दोन नसतील तर मापायला लेथवाल्याकडे जा. अंदाजाने मापू नका.
- टॉर्च, मोबाइलचा कॅमेरा, वही.
- हवा तपासायला जुन्या बीपी मशीनचा फुगा आणि दाब दाखवणारी काट्याची डायल. याचं काम चौथ्या टप्प्यात आहे.
- नवी बेस पॅकिंग, हेड गॅस्केट, गजन पिनची (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनची) नवी लॉक. जुनी लॉक परत वापरायची नाहीत, ती कितीही चांगली दिसोत.

सावधान: पावसाळाभर उभी राहिलेली गाडी चतुर्थीनंतर बाहेर काढून थेट किक मारू नका. चार महिन्यांच्या दमट हवेत लोखंडी बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) गंज धरतो, रिंग खाचेत चिकटते. प्लग काढून टूटी ऑइलचे काही थेंब आत सोडा, रात्रभर ठेवा, मग टॉप गिअरमध्ये मागचं चाक हाताने फिरवून इंजिन मोकळं होतंय का बघा. अडखळलं तर जोर लावू नका, सरळ उघडा.

## 2. गाडीची हकिकत ऐका

उघडण्याआधी चालवणाऱ्याला पाच-सहा प्रश्न विचारा. गाडी गरम झाल्यावर बंद पडते की थंड असतानाच सुरू होत नाही? थ्रॉटल सोडल्यावर इंजिन पटकन खाली येतं की थोडा वेळ वरच घोटाळत राहतं? गिअर ऑइल कमी होतंय का? ऑइल पंप आहे की काढून टाकला आहे? काढला असेल तर मिक्स कोण करतं, किती करतं? शेवटचं जेटिंग कुठे झालं?

हा शेवटचा प्रश्न गोव्यात फार कामाचा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर वर आहे. तिथे सेट केलेली गाडी घाट उतरून म्हापशाला आली की हवा दाट मिळते, पेट्रोल तेवढंच राहतं, आणि मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं. घाटमाथ्यावर सुरेख चालणारी गाडी इथे पूर्ण थ्रॉटलला पिस्टन भाजते. खाली आणल्यावर मेन जेट एक नंबर मोठा लावून प्लग बघणं हे पहिलं काम. हल्ली पंपावर मिळणारं 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोलही मिश्रण लीनच करतं, कारण इथेनॉल स्वतःसोबत ऑक्सिजन घेऊन येतं. जुन्या जेटवर या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तर पिस्टनला दोष देण्यात अर्थ नाही.

मिक्सचा हिशेब साधा आहे. 32:1 म्हणजे लिटरला साधारण 31 मिली ऑइल, 40:1 म्हणजे 25 मिली. बाटलीच्या झाकणाने मोजलेलं मिक्स धरू नका. शिवाय 'सेफ्टीसाठी जरा जास्त ऑइल' घातलं की तेवढं पेट्रोल कमी जातं आणि मिश्रण उलट लीन होतं, हे लक्षात ठेवा.

तपासा: कार्बोरेटरच्या फ्लोट बाउलमधलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा आणि थोडा वेळ स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर पाणी आणि इथेनॉल तळाला बसलं आहे. टूटी ऑइल बहुतांशी वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं, आणि टाकीतून खालचा थर आधी उतरतो. म्हणजे इंजिनाला ऑइलशिवायचं पाणी मिळतं. आपल्या हवेत मिक्स केलेलं पेट्रोल महिनाभर डब्यात ठेवायचं नाही, ते याचसाठी.

### धुरावरून रिंग ठरवू नका

फोर-स्ट्रोकमध्ये निळा धूर म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व सील. ती सवय इथे लावायची नाही. टू-स्ट्रोक ऑइल जाळतंच, आणि थंड असताना धूर देतंच. धूर अचानक वाढला, पांढरट आणि दाट झाला, गिअर ऑइल मापापेक्षा खाली गेलं असेल, तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील गिअरबॉक्समधलं ऑइल ओढतंय. किती रिंगा बदलल्या तरी तो धूर जाणार नाही. उलट, रिंग पूर्ण झिजलेली गाडी धुराशिवायही मरतुकडी चालते.

## 3. प्लग आणि कॉम्प्रेशन

प्लग काढून पांढऱ्या चिनी मातीच्या भागावर टॉर्च मारा. हलका तपकिरी रंग असला तर ठीक. पांढरा पडलेला, चकाकणारा असला तर लीन किंवा गरम. काळा ओला असला तर रिच (पेट्रोल जास्त), किंवा गिअर ऑइल येतंय. वास घेतला की फरक कळतो. पण खरी बघायची गोष्ट वेगळी आहे. त्या पांढऱ्यावर मिठासारखे बारीक करडे, चंदेरी कण चिकटले आहेत का? ते ॲल्युमिनियम आहे, म्हणजे पिस्टनचा माथा वितळायला लागला आहे. असे कण दिसले की गाडी आणखी एकदाही सुरू करू नका.

आता कॉम्प्रेशन. इंजिन थोडं कोमट, चोक न लावता, थ्रॉटल पूर्ण उघडा. प्लगची कॅप बॉडीला अर्थ करा किंवा किल स्विच दाबून ठेवा, नाहीतर सीडीआय (ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक बॉक्स) जाईल आणि पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगीही पडेल. काटा वर चढायचा थांबेपर्यंत दमदार किका मारा.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे थ्रॉटल बंद ठेवून माप घेणं. हवाच आत जात नाही, आकडा कमी येतो आणि चांगला ब्लॉक उघडला जातो.

आकडा किती हवा? गाडीगणिक आणि गेजगणिक तो बदलतो, म्हणून दुसऱ्याच्या गाडीशी तुलना करू नका. नवं किट रुळल्यावर तुमच्याच गेजवर आलेला आकडा हा तुमचा पाया. त्यापेक्षा 15 ते 20 टक्के खाली आलं की उघडायची वेळ. पाया माहीत नसेल, तर 100 पीएसआयच्या खाली आलेलं इंजिन सुरू व्हायला त्रास देणारच असं धरून चाला.

कमी आकड्यामागे रिंग आहे की हेड गॅस्केट, हे कळायला प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून पुन्हा माप घेतात. इथे हात आवरा. 100 सीसीच्या इंजिनात पिस्टन वर असताना उरलेली जागा अगदी थोडी असते. चमचाभर ऑइल ओतलं तर जागाच कमी होते आणि आकडा खोटा वर जातो. फार तर 1 मिली सोडा, दोनदा हळू फिरवून पसरू द्या, मग किक मारा. आकडा ठळक वाढला तर रिंग किंवा बोअर. तसाच राहिला तर हेडच्या सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा.

तपासा: कॉम्प्रेशन चांगलं आहे आणि तरी गाडी ओढत नाही? मग ब्लॉक उघडू नका. सायलेन्सरची आतली जाळी कार्बनने भरली आहे का आणि रीड व्हॉल्वची (मिश्रण आत सोडणाऱ्या झडपेची) पाती तुटलीत का, ते आधी बघा. दोन्हीची लक्षणं 'रिंग गेली'सारखीच असतात.

## 4. हवेची गळती: ब्लॉक उघडण्याआधी, नंतर नाही

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि नवं किट पुन्हा सीझ (जाम) होण्याचं कारण बहुतेकदा इथेच असतं.

टू-स्ट्रोकची क्रँककेस म्हणजे पंप आहे. मॅग्नेटोच्या बाजूचं सील, ब्लॉकखालची पॅकिंग, कार्बोरेटरचा रबरी मॅनिफोल्ड, यांतून बाहेरची हवा शिरली की मिश्रण लीन होतं, पिस्टन तापतो, सायलेन्सरच्या बाजूने घासतो. थ्रॉटल सोडूनही इंजिन वर घोटाळत राहत असेल तर संशय पक्का करा.

क्रम असा:

1. सायलेन्सर काढा. एक्झॉस्ट पोर्टवर (ब्लॉकमधल्या धूर बाहेर जायच्या तोंडावर) रबराचा तुकडा आणि त्यावर लोखंडी पट्टी ठेवून स्टडवर आवळा.
2. कार्बोरेटर काढा. मॅनिफोल्डमध्ये घट्ट रबरी बूच घालून क्लॅम्प लावा. ऑइल पंपाची नळी मॅनिफोल्डला येत असेल तर तीही बंद करा.
3. पिस्टन सर्वांत खाली आणा, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट (क्रँककेसमधून मिश्रण वर नेणारे मार्ग) उघडे राहतात आणि वरची व खालची जागा एक होते.
4. प्लगच्या जागी नळी बसवून हवा भरा. 6 पीएसआय पुरे. बीपी मशीनचा 300 चा आकडा म्हणजे जवळपास तेवढंच, 5.8 पीएसआय.
5. घड्याळ लावून एक मिनिट बघा. काटा 300 वरून 250 च्या खाली गेला तर गळती शोधायलाच हवी.

साबणाचं पाणी ब्रशने लावत जा: ब्लॉकचं बूड, हेड, मॅनिफोल्डचा सांधा. मॅग्नेटोचं कव्हर काढून रोटरच्या मागे. क्लचकडच्या सीलसाठी गिअर ऑइल भरायचं बूच उघडा आणि त्या तोंडावर साबणाचा पापुद्रा धरा. तो फुगत गेला तर सील गेलं.

सावधान: टायरच्या दुकानातला कंप्रेसर इथे लावू नका. 8-10 पीएसआयच्या पुढे गेलात तर चांगलं सीलही जागेवरून उडेल.

काही सीलं बाहेर दाब धरतात पण आत ओढल्यावर गळतात. हातपंप उलटा चालवून तेवढाच व्हॅक्युम देता आला तर तीही तपासणी करा. मॅनिफोल्डवर पेट्रोल किंवा स्प्रे मारून आवाज बदलतो का बघायची पद्धत गरम इंजिनावर धोक्याची आहे, आणि ती सीलपर्यंत पोचतही नाही.

## 5. पोर्टमधून डोकावा

एक्झॉस्ट आधीच उघडा आहे, त्याचा फायदा घ्या. टॉर्च लावून इंजिन हळू फिरवा. पिस्टन वर असताना सायलेन्सरच्या बाजूचा त्याचा घेर दिसतो. उभे ओरखडे आहेत का? रिंग पोर्टसमोर आली की लाकडी काडीने ती हलकेच आत दाबा. दाबली जाऊन परत बाहेर आली तर मोकळी. हलतच नसेल तर कार्बनने खाचेत चिकटली आहे. स्क्रूड्रायव्हर वापरू नका, पोर्टच्या कडेला खाच पडते आणि पुढे तीच रिंग तोडते.

आरएक्सवर रीड ब्लॉक सिलिंडरलाच आहे, त्यामुळे तो काढला की इनटेकच्या बाजूचा पिस्टनही दिसतो. ज्या मोटोक्रॉस गाड्यांत रीड क्रँककेसवर असते तिथे ही सोय नाही.

रीड काढल्यावर मॅनिफोल्डच्या आत बोट फिरवा. बोटाला तांबडी, तेलकट, रेवाळ लगदी लागली तर निदानाचं अर्धं काम झालं. फिल्टर धूळ सोडतोय, आणि पिस्टनचा इनटेककडचा भाग झिजलेला सापडणार. फिल्टर फाटलेलाच असेल असं नाही. बहुतेकदा त्याची कड एअरबॉक्सवर नीट बसलेली नसते, किंवा फोमला ऑइलच लावलेलं नसतं.

## 6. उघडणं: पुसायची घाई नको

थंड इंजिनावर हेडचे नट तिरक्या क्रमाने पाव-पाव आटा सोडवा. एकाच बाजूचे पूर्ण सोडवलेत तर हेड वाकतं. ब्लॉक सरळ वर उचला, फिरवू नका. पिस्टन दिसू लागताच क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबा; गजन पिनचं लॉक उडून आत पडलं तर पूर्ण इंजिन फोडावं लागतं.

आता थांबा. पिस्टन, हेड, बोअर यांचे उजेडात फोटो घ्या. पिस्टनवर मार्करने इनटेक आणि एक्झॉस्टची बाजू लिहा. गॅरेजात पहिलं काम होतं ते पिस्टन पेट्रोलमध्ये टाकून चकचकीत करण्याचं, आणि सगळी माहिती त्या ताटलीत विरघळून जाते.

रिंग तुटली असेल तर सगळे तुकडे शोधून कागदावर जुळवून बघा. एक तुकडा जरी कमी असेल आणि तो सायलेन्सरमध्येही मिळाला नाही, तर तो क्रँककेसमध्ये आहे असं समजून केस उघडा.

## 7. पिस्टन वाचणं

या टप्प्याला हवा तेवढा वेळ द्या. दुखणं नेमकं काय होतं ते इथे कळतं.

एक्झॉस्टच्या बाजूलाच ओरखडे. लीन मिश्रण, हवेची गळती किंवा जास्त तापणं. चौथ्या टप्प्याचा निकाल आणि जेटचा नंबर समोर ठेवा.

इनटेकच्या बाजूला बारीक उभ्या रेघा, धातू मंद करडा आणि झिजलेला. धूळ. ऑक्टोबर ते मे आपल्याकडे हाच मारेकरी. मशिनिंगच्या बारीक आडव्या रेषा एक्झॉस्टकडे शाबूत आणि इनटेककडे पुसलेल्या असतील तर शंकाच नको.

चारही कोपऱ्यांवर चार पट्टे. पिस्टन ब्लॉकपेक्षा लवकर फुगला. थंड गाडी लगेच ताणली, किंवा लेथवर गॅप कमी ठेवला. पाण्याच्या कूलिंगच्या गाड्यांत हे जास्त दिसतं.

सगळ्या घेराला घासलेलं. ऑइल पोचलं नाही. पंप, मिक्स, किंवा मघाचं पाणी धरलेलं पेट्रोल.

माथ्याची कड उंदरांनी कुरतडल्यासारखी, बारीक खड्ड्यांची. डिटोनेशन, म्हणजे मिश्रण आपोआप स्फोटासारखं पेटणं. टायमिंग पुढे आहे, हेड जास्त घासलं आहे, मिश्रण लीन आहे किंवा पेट्रोल शिळं आहे.

माथ्याला भोक. बहुधा चुकीच्या हीट रेंजचा प्लग आणि लीन मिश्रण एकत्र आले आहेत.

रिंगच्या खाली गडद तपकिरी पापुद्रा. गॅस रिंगला चुकवून खाली जातोय. रिंगच्या लगत थोडा रंग चालतो. तो घेरभर खाली उतरला असेल तर रिंग किंवा बोअर संपला.

पिस्टन उलटा करून माथ्याच्या खालची बाजू बघा. फिकट ते मध्यम तपकिरी डाग ठीक. जळून काळा, कोळसा धरलेला असेल तर पिस्टन फार तापत होता. हा डाग प्लगपेक्षा खरं बोलतो, कारण प्लगचा रंग शेवटच्या काही मिनिटांत बदलू शकतो.

मग पिस्टन स्वच्छ करा आणि इनटेककडच्या खालच्या कडेवर, खिडक्यांच्या कोपऱ्यांत नख फिरवा. केसाएवढी चीर लागली तर पिस्टन बाद, माप कितीही चांगलं येवो. रिंगच्या खाचेतली छोटी पिन घट्ट आहे ना, तेही बघा. टू-स्ट्रोकमध्ये रिंगची टोकं या पिनवर अडकून राहतात, म्हणून ती पोर्टमध्ये जात नाहीत. पिन सैल झाली की रिंग फिरते, टोक पोर्टला अडकतं आणि तुटतं.

## 8. मोजमाप

रिंगचा गॅप. रिंग बोअरमध्ये ठेवा, पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकला, फिलर गेज घाला. ढोबळ नियम: बोअरच्या दर 25 मिमीला 0.1 मिमी. 50 मिमीच्या बोअरला किमान 0.20 च्या आसपास. झीज बघायची असेल तर एक्झॉस्ट पोर्टच्या वर मापा, तिथे बोअर जास्त झिजतो. जुन्या बोअरमध्ये नवी रिंग बसवताना मात्र खाली, न झिजलेल्या भागातही मापा. वर बरोबर वाटणारा गॅप खाली बंद होत असेल तर गरम झाल्यावर टोकं भिडतील आणि सीझ होईल.

पिस्टन आणि बोअर. पिस्टन गजन पिनला काटकोनात, खालच्या कडेपासून मॅन्युअलने सांगितलेल्या उंचीवर मापा. बोअर तीन खोलींवर, प्रत्येक खोलीवर दोन दिशांनी. वजाबाकी म्हणजे गॅप. हवेवर थंड होणाऱ्या ओतीव पिस्टनला तो साधारण 0.04 ते 0.06 मिमी असतो, फोर्ज्ड पिस्टनला जास्त लागतो. बोअर वर-खाली 0.05 मिमीपेक्षा जास्त निमुळता किंवा 0.01 पेक्षा जास्त लंबगोल झाला असेल तर नुसत्या रिंगा घालून उपयोग नाही. पिस्टन बोअरमध्ये धरून हलवून बघणं हे माप नव्हे.

रॉड. गजन पिनला ऑइल लावून छोट्या टोकात घाला. ती गुळगुळीत फिरावी, वर-खाली खेळू नये. मग रॉड हाताने सरळ वर ओढा आणि खाली दाबा. टक् असा खेळ जाणवला तर बिग एंड गेलं. डावीकडे-उजवीकडे हलणं मात्र नैसर्गिक आहे. त्या हलण्याला घाबरून चांगला क्रँक प्रेसवर नेला जातो.

## 9. निर्णय आणि लेथवाला

आरएक्सचा ब्लॉक लोखंडी स्लीव्हचा आहे. बोअर करून 0.25, 0.50, 0.75, 1.00 मिमी मोठा पिस्टन बसतो. आधी पिस्टन विकत घ्या, मग ब्लॉक आणि पिस्टन दोन्ही लेथवर न्या. डब्यावरच्या नंबरावर बोअर करू देऊ नका, हातातल्या पिस्टनला मापून करायला सांगा. आणि स्पष्ट बजावा: पोर्टच्या कडा गोल करायच्या. म्हापसा असो, फोंडा असो वा मडगाव, लेथवर येणारे ब्लॉक आता बहुतेक फोर-स्ट्रोकचे असतात, त्यांना पोर्टच नसतात, म्हणून ही गोष्ट राहून जाते. धारदार कडेवर नवी रिंग पहिल्याच दिवशी तुटते.

मोटोक्रॉस गाड्यांचे निकासिल प्लेटिंगचे (बोअरवर निकेलचा कडक थर दिलेले) ब्लॉक असे बोअर करता येत नाहीत. पण सीझ झालेला असा ब्लॉक लगेच भंगारातही टाकू नका. दिसणाऱ्या रेघा पुष्कळदा पिस्टनचं चिकटलेलं ॲल्युमिनियम असतं, खाली प्लेटिंग शाबूत असतं. ते जाणकाराकडून काढून घ्या. नंतर नख अडकत असेल किंवा खालचा धातू दिसत असेल तरच नवं प्लेटिंग.

होनिंग (दगडाने बोअरला बारीक रेषा पाडणं) होऊन आलेला ब्लॉक गरम पाणी आणि साबणाने घासा, पांढरं कापड आतून फिरवून पांढरंच बाहेर येईपर्यंत. केरोसीनने दगडाची पूड निघत नाही. पुसल्याबरोबर ऑइल लावा. आपल्या हवेत कोरा लोखंडी बोअर जेवून येईपर्यंत लाल होतो.

## 10. बसवणं आणि पहिली चाल

पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. रिंगवर अक्षर असेल ती बाजू वर. लॉकचं तोंड घड्याळाच्या 12 किंवा 6 वर, बाजूला नको. रिंगची टोकं पिनच्या दोन्ही अंगांना बसली आहेत हे डोळ्याने बघा, मगच ब्लॉक सरळ खाली घाला. अडला तर उचला आणि पुन्हा बघा. ब्लॉक डावी-उजवीकडे हलवून 'बसवला' की रिंग पिनवर चढते आणि तुटते. हेड तिरक्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत टॉर्क रेंचने आवळा.

सुरू करण्याआधी चौथ्या टप्प्यातली हवेची तपासणी पुन्हा करा. सातव्या टप्प्यात सापडलेलं कारण दूर झालं आहे ना, तेही बघा: जेट बदलला का, सील घातलं का, फिल्टरची कड बसली का.

मग सुरू करा, रेस न देता गरम होऊ द्या, बंद करा आणि ब्लॉक हाताला पूर्ण थंड लागेपर्यंत थांबा. असं तीनदा. तिसऱ्यांदा थंड झाल्यावर हेडचे नट मॅन्युअलच्या टॉर्कवर पुन्हा बघा. त्यानंतर गाडी चालवा, थ्रॉटल सतत कमी-जास्त करत. सुरुवातीला लांब सपाट रस्त्यावर एकाच वेगाने नको, आणि वरच्या गिअरमध्ये ताणत चढावरही नको.

टाकीभर पेट्रोल संपलं की सायलेन्सर काढून पोर्टमधून पुन्हा डोकावा. रिंगवर घेरभर सारखी चमक हवी आणि पिस्टनवर नवा ओरखडा नको. कॉम्प्रेशन घ्या आणि आकडा, तारीख, जेटचे नंबर वहीत लिहा. या टप्प्यावर आकडा किट बसवल्याबरोबर घेतलेल्या मापापेक्षा वाढलेला असला पाहिजे. वाढला नसेल तर रिंग बसलेली नाही. तशीच गाडी रेटू नका, ब्लॉक परत काढून होनिंगच्या रेषा तपासा.